टी.व्ही. भिंतीवर चढविताना : मिस्त्री बोलवावा की आपणच बसवावा?

घरात नवी वस्तू आली की आनंदाबरोबर एक प्रश्नही येतो. ही ठेवायची कुठे, आणि बसवायची कोणी? साधा पंखा, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, प्रत्येकीच्या वेळी हा प्रश्न पडतो. मात्र टी.व्ही.च्या बाबतीत आपण त्याचा फारसा विचार करीत नाही. आम्हीही केला नव्हता. त्याचे फळ आम्हाला मिळाले, म्हणूनच आजचा हा लेख. वाचकांनी, विशेषतः घर सांभाळणाऱ्या आमच्या भगिनींनी, तो शेवटपर्यंत वाचावा आणि मगच घरातल्या पुरुषांच्या हाती ड्रिल मशीन द्यावे, ही विनंती.

आपल्याकडे दूरदर्शनचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबईत ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने रंगीत चित्र दिसू लागले. आमच्या खानदेशातल्या खेड्यांपर्यंत टी.व्ही. पोचायला त्यानंतरही बराच काळ गेला. तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हाही नव्हता. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून तो निराळा झाला. त्या काळचा टी.व्ही. म्हणजे लाकडी खोक्यात बसलेली मोठी पेटी. एकवीस इंची संच वीस किलोच्या वर भरायचा. तो भिंतीवर लावण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नसे. मजबूत टेबल शोधायचे, वर विणलेला रुमाल घालायचा, झाले! तेव्हाची बसविण्याची खरी कसरत घरात नव्हती, ती छपरावर होती. एकजण अँटेना फिरवीत वर उभा, एक दारात, एक आत, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारणा चाललेली, “आलं का? गेलं का? तसंच धर!” ते काम ज्याने त्याने स्वतःच केले. त्यामुळे टी.व्ही. बसविणे हे घरच्या माणसाचे काम, अशी एक समजूत आपल्या डोक्यात तेव्हापासून बसली ती बसलीच.

पुढे पेटी जाऊन पाटीसारखा पातळ टी.व्ही. आला. बत्तीस इंची संचाचे वजन साधारण चार ते सहा किलो, त्रेचाळीस इंचीचे सात ते दहा किलो. हलका म्हणून तो भिंतीवर चढला. पण टेबलावरून भिंतीवर जाताना त्याचा सगळा भरवसा भिंतीवर आणि चार खिळ्यांवर येऊन पडला, हे मात्र आमच्या लक्षात आले नाही.

आमच्या घरची हकीकत

गोष्ट २०१९ सालची. त्या वर्षी स्टार प्रवाह वाहिनीवर बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली होती. आईला ती नीट बघता यावी, म्हणून सुरतेला कामाला असलेल्या आमच्या धाकट्या भावाने त्रेचाळीस इंची टी.व्ही. घेतला आणि सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने नंदुरबारला, तेथून जीपने शहादा तालुक्यातल्या आमच्या गावी आणला. घरात सण असल्यासारखे वातावरण. शेजारची पोरे दारात जमली.

आमचे घर जुने. पुढची भिंत अलीकडे पक्क्या विटांची बांधलेली, बाकीचे घर धाब्याचे. पक्क्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. टी.व्ही. कुठे लावायचा यावरून घरात वाद झाला. भाऊ म्हणाला, “तसबिरीखाली लावू, भिंत मोठी आहे.” आई म्हणाली, “त्यांच्या पायाशी नाचगाणी लावता का रे?” मग समोरच्या भिंतीवर लावू म्हटले, तर आई म्हणाली, “म्हणजे सगळे जण तसबिरीकडे पाठ करून बसणार!” शेवटी बाजूची भिंत ठरली. वरून सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑईलपेंट. दिसायला पुढच्या भिंतीपेक्षा ती देखणी.

आमच्या शेजारी एक वयोवृद्ध गवंडी राहतात. सारे गाव त्यांना नाना म्हणते. आम्ही ड्रिल मशीन मागून आणले तेव्हा नाना ओट्यावर तंबाखू मळीत बसले होते. त्यांनी एकदाच सांगितले, “गुरुजी, भिंत माटीनी शे.” आम्ही हसून मान हलविली. गिलावा तर सिमेंटचा होता! शिवाय खोक्यात सूचनांचे पुस्तक होते, ते आम्ही वाचले होते. वाचता येणाऱ्या माणसाला आणखी काय लागते? मिस्त्रीचे चारशे रुपये वाचले, या समाधानात आम्ही चार भोके पाडली, गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू पिळले आणि टी.व्ही. टांगला.

तो बावीस दिवस टिकला. तेविसाव्या रात्री मोठा आवाज झाला. दिवा लावून बघतो तो टी.व्ही. पालथा पडलेला, काचेला उभी चीर गेलेली आणि भिंतीतून मातीचा ढीग खाली आलेला. त्या भिंतीखाली आमची दोन वर्षांची पुतणी रोज झोपायची. त्या रात्री तिला ताप होता म्हणून आईने तिला आपल्या कुशीत घेतले होते. आम्ही त्या अंथरुणाकडे कितीतरी वेळ बघत बसलो. कोणी कोणाशी बोलले नाही.

सकाळी नाना आले. त्यांनी भोकात बोट घातले, माती चुरून आमच्या तळहातावर ठेवली आणि काही न बोलता गेले. त्यांनी बोलून दाखविले असते तर बरे वाटले असते.

आधी भिंत ओळखा

या प्रसंगानंतर आम्ही नानांकडे, दोन वायरमन मंडळींकडे आणि एका सुताराकडे बसून जे शिकलो ते येथे देत आहोत. टी.व्ही. स्वतः बसवावा की कारागीर बोलवावा, याचे उत्तर टी.व्ही.त नसते, ते भिंतीत असते.

आपल्या जिल्ह्यात तरी भिंतींचे चार-पाच प्रकार सर्रास दिसतात. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडे सातपुड्यात कुडाची घरे आहेत; बांबूच्या कुडावर माती-शेणाचा लेप. सपाटीवर कच्च्या विटांची धाब्याची घरे आहेत. घरकुल योजनेत, रमाई आवासमध्ये वा शबरी आवासमध्ये बांधलेल्या घरांना पक्क्या विटांच्या भिंती असतात, पण आतली भिंत कित्येकदा साडेचार इंचीच असते. नंदुरबार, शहादा, नवापूर अशा शहरांतल्या नव्या इमारतींत सिमेंटचे फुगीर हलके ठोकळे वापरलेले आढळतात. आणि काँक्रीटचे खांब तर असतातच.

वरचा गिलावा सगळ्यांना सारखाच दिसतो. तेव्हा भिंत ओळखण्याची साधी रीत अशी. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. भरीव, टणक आवाज आला तर ठीक. पोकळ, फोपशा आवाज आला तर सावध व्हा. मग ज्या जागी टी.व्ही.मागे झाकले जाईल, तेथे बारीक बिटाने एकच भोक पाडा आणि खाली कागद धरा. पहिले अर्धा-पाऊण इंच राखाडी पूड येईल, तो गिलावा. पुढे लाल पूड आली तर पक्की वीट. राखाडीच येत राहिली आणि बिट पुढे सरकेना, तर काँक्रीट. पांढुरकी पूड भसाभस आली तर हलका ठोकळा. काळपट-पिवळी माती आली, की हात थांबवा. आमचा हात थांबला नव्हता.

पक्क्या विटेच्या भिंतीत हे काम घरचा हुशार माणूस करू शकतो. हलक्या ठोकळ्याला साधी गिट्टी धरत नाही, त्याच्यासाठीची निराळी गिट्टी लागते. येथे माहितगार माणूस बरा. मातीच्या आणि कुडाच्या भिंतीवर थेट टी.व्ही. कोणीच लावू नये, मिस्त्रीनेही नाही.

वजनाचा हिशेब

दुसरी गोष्ट स्टँडची. भिंतीला चिकटून बसणारा साधा स्टँड वजन खाली ओढतो. त्याला चार चांगले स्क्रू पुरतात. पण हल्ली पुढे ओढून डावीउजवीकडे फिरविता येणारा हाताचा स्टँड लोकांना आवडतो. त्याचे गणित वेगळे आहे. समजा टी.व्ही. दहा किलोचा आहे, हात भिंतीपासून चाळीस सेंटिमीटर पुढे आला आहे आणि वरच्या व खालच्या स्क्रूंत वीस सेंटिमीटर अंतर आहे. तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर उपसणारा जोर दहा किलोचा राहत नाही, तो वीस किलोच्या घरात जातो. विहिरीवर लांब दांडीला बादली टांगली की हाताला किती ओढ बसते, ते आठवा. त्यातच घरातल्या मुलाने टी.व्ही. धरून लोंबकळायचा प्रयत्न केला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून हाताचा स्टँड असेल, टी.व्ही. पन्नास इंचांच्या पुढचा असेल, तर अनुभवी माणूसच बोलवावा.

स्वतः बसवायचाच असेल तर

भिंत पक्क्या विटेची, टी.व्ही. बत्तीस ते त्रेचाळीस इंची, स्टँड साधा आणि मदतीला दुसरा माणूस, एवढे जमत असेल तर घरी बसवायला हरकत नाही. मात्र घाई नको. क्रम असा ठेवावा.

टी.व्ही.च्या पाठीवर स्क्रूची चार भोके असतात. त्यांच्यातले आडवे-उभे अंतर मोजावे. ते १०० बाय १००, २०० बाय १००, २०० बाय २०० मिलिमीटर असे ठरीव असते. स्टँड त्याच मापाचा घ्यावा. पाठीचे स्क्रू सूचनापुस्तकात दिलेल्याच जाडीचे व लांबीचे हवेत. लांब स्क्रू जोराने पिळला तर तो आतल्या भागाला इजा करतो.

उंची ठरविताना दुकानात किंवा एस.टी. स्टँडवर बघितलेला टी.व्ही. डोळ्यांसमोर आणू नये. तेथे लोक उभे राहून बघतात. आपल्या घरात बहुतेक मंडळी खाली बसून बघतात. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे अडीच फुटांच्या आसपास असतात, खुर्चीवर बसलेल्याचे साडेतीन ते चार फुटांवर. पडद्याचा मध्य त्याच्या जवळपास असावा. सहा फुटांवर लावलेला टी.व्ही. बघून म्हाताऱ्या माणसांची मान धरते. घरकुल असते २६९ चौरस फुटांचे, खोली दहा फुटांची. तेथे बत्तीस ते त्रेचाळीस इंचांचा संच पुरेसा आहे. त्याहून मोठा घेतला तर मागे सरकायला जागा उरत नाही.

विजेची तार भिंतीत कुठून गेली आहे ते बघितल्याशिवाय बिट टेकवू नये. बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ बाजूला तार असण्याचा संभव सर्वांत जास्त. ती पट्टी सोडून द्यावी. त्या खोलीचा वीजप्रवाह बंद करून दुसऱ्या खोलीतून लांब वायरने ड्रिल चालवावे आणि टेस्टरने खात्री करावी. पायात कोरडी चप्पल, डोळ्यांवर चष्मा असावा.

भोक गिट्टीच्याच मापाचे असावे. आठ मिलिमीटरच्या गिट्टीला आठचेच बिट. गिट्टी गिलाव्यात राहिली तर उपयोग नाही, ती गिलावा ओलांडून विटेत दीड-दोन इंच शिरली पाहिजे. त्यासाठी बिटावर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळावी. भोक दोन विटांच्या सांध्यात न घेता विटेच्या पोटात घ्यावे. आतली पूड फुंकून काढावी. गिट्टी हाताने सहज आत जात असेल तर भोक मोठे झाले. ती काडी-कागद घालून घट्ट करण्याचा मोह टाळावा आणि जागा बदलावी. स्टँड सरळ आहे की नाही हे पाणसळीने बघावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. टी.व्ही. टांगण्यापूर्वी स्टँडला वीस किलो ज्वारीची पिशवी बांधून रात्रभर लोंबकळत ठेवावी. सकाळी स्टँड जराही ढिला झाला नसेल, तरच टी.व्ही. चढवावा. ही युक्ती नानांची. कुठल्याही सूचनापुस्तकात आम्ही ती वाचली नाही. चढविताना दोघांनी कडेला धरून उचलावा, काचेवर हाताचा दाब देऊ नये, आणि खालचा अडकविण्याचा स्क्रू विसरू नये.

कारागीर बोलवायचा तर

कारागीर बोलविला म्हणजे जबाबदारी संपली, असेही नाही. नंदुरबारला आमच्या एका नातेवाइकांकडे दुकानातून आलेला मुलगा पाच मिनिटांत काम उरकून जायच्या घाईत होता. त्याने तार न बघता भोक पाडले आणि सगळ्या घराचा वीजप्रवाह गेला. सुदैवाने फ्यूज उडाला आणि मुलगा बचावला. त्याला एका दिवसात किती घरे करायची होती, हे नंतर कळले तेव्हा त्याचा राग येईना.

म्हणून कारागिराला तीन प्रश्न विचारावेत. भिंत कसली आहे, हे तो बघतो का? तार कुठून गेली, हे तो विचारतो का? गिट्टी आणि स्क्रू कोणते वापरणार, हे तो दाखवितो का? जो कारागीर हे न विचारता ड्रिल सुरू करतो, त्याला नम्रपणे थांबवावे. नवा टी.व्ही. घेताना बसविण्याचे काम कंपनीकडून आहे का, स्टँडचे पैसे वेगळे का, हे दुकानातच विचारून पावतीवर लिहून घ्यावे. टी.व्ही. पडून फुटला तर ते नुकसान साधारणतः वॉरंटीत बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. नवा पॉईंट काढणे, बोर्ड हलविणे, अर्थिंग करणे ही कामे तर परवानाधारक वायरमनचीच. तेथे घरच्यांनी हात घालू नये.

आणि त्याची मजुरी देताना घासाघीस करू नये. चारशे रुपयांत तो चार स्क्रू पिळतो असे आपल्याला वाटते. त्यातले बहुतेक पैसे कुठे भोक पाडू नये, हे ठाऊक असण्याचे असतात. हाताने काम करणाऱ्याच्या ज्ञानाला ज्ञान न मानण्याची सवय या देशात फार जुनी आहे. ती आपल्याच घरात, आपल्याच वागण्यात सापडावी, याची आम्हाला त्या सकाळी लाज वाटली.

तिसरा मार्ग

भिंत धड नसेल, घर भाड्याचे असेल, तर टी.व्ही. टेबलावर ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. सुरतेकडे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना घरमालक भोक पाडू देत नाहीत. त्यांनी उगाच वाईट वाटून घेऊ नये. मात्र टेबल रुंद व ठेंगणे असावे, टी.व्ही. मागे सरकवून ठेवावा आणि पाठीच्या भोकांतून मजबूत पट्टा घेऊन टेबलाला बांधावा. वर रिमोट किंवा खेळणी ठेवू नयेत, मुले ती घ्यायला चढतात. वादळी पाऊस आणि विजा सुरू झाल्या की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवावी, टी.व्ही. टेबलावर असो की भिंतीवर.

आमच्या घरी पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. काच फुटलेला टी.व्ही. दुरुस्त होण्यासारखा नव्हता. दीड वर्षाने भावाने बत्तीस इंची घेतला. या वेळी आम्ही आधी नानांच्या ओट्यावर गेलो आणि विचारले, “नाना, कसं करू?” त्यांनी भिंतीकडे पाहिलेही नाही. धाब्याच्या घरात छपराचा भार सागवानी खांबांवर असतो, भिंत नुसती आडोशाला असते. त्यांनी दोन खांब दाखविले. सुताराने त्या दोन खांबांना आडवी, पाऊण इंच जाडीची प्लायवूडची फळी मोठ्या स्क्रूंनी पक्की केली, आणि फळीवर स्टँड बसविला. ज्वारीची पिशवी दोन रात्री टांगून ठेवली. आईने तीन रात्रींचा आग्रह धरला, तो मानला.

टी.व्ही. अजून तेथेच आहे. त्याच्याखाली आता अंथरूण घालीत नाही. तेथे पुतणीची पुस्तकांची पेटी असते. ती शाळेत जाऊ लागली आहे, आणि नाना आले की पाणी घेऊन तीच आधी धावते.